सही करू का? बंद मिलच्या गावातून आलेलं पत्र

प्रश्न : वकीलताई, सप्रेम नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. गावाचं आणि माझं नाव छापू नका. आमच्या गावात सूत काढायची एकच मोठी मिल. माझे मिस्टर वीस वर्षांपूर्वी डॉफर म्हणून, म्हणजे भरलेल्या बॉबिनी काढायला, बदलीवर लागले, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी. नंतर रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या मशिनीवर, सायडर झाले. पटावर सहाशेच्या वर माणसं होती. चौदा महिन्यांपूर्वी पहिल्या पाळीला गेले तर गेटला कुलूप आणि त्यावर नोटीस, मिल कायमची बंद. त्याआधीचा तीन महिन्यांचा पगारही थकलेला.

तेव्हापासून गेटसमोर मंडप आहे. साखळी उपोषण चालू आहे. मिस्टर रोज सकाळी भोंग्याच्या वेळेला डबा घेऊन जातात, भोंगा वाजत नाही तरी. दुसरं काम पाहा म्हटलं तर म्हणतात, गेट सोडलं की नाव कापतील. मी ब्लाउज शिवते. गाडी विकली, मंगळसूत्र गहाण आहे. आम्ही मिलच्या क्वार्टरमध्ये राहतो, नळाला आता दिवसातून अर्धा तास पाणी येतं.

दोन महिन्यांपूर्वी रात्री ट्रक येऊ लागले. ठेकेदाराची बाहेर राज्यातली मुलं मशिनी खोलून भरतात. गावातल्या पोरांनी त्यांच्यावर दगडफेक केली, एका मुलाचं डोकं फुटलं. पोलिसांनी अकरा जण उचलले, त्यात माझा मुलगा. एकोणीस वर्षांचा, आयटीआय झालेला. जामीन झाला, पण केस आहे.

आता कंपनीची माणसं घरोघर कागद घेऊन फिरतात. दीड लाख रुपये एकरकमी, ‘स्वेच्छेने निवृत्त होत आहे, यापुढे काहीही येणे नाही’ असं लिहिलेलं. चाळीस जणांनी सही केली. आमच्या भिंतीला लागून राहणाऱ्या वहिनींच्या घरचीही झाली. आता नळावर बायका त्यांची पाण्याची गुंडी लावू देत नाहीत. मिस्टरांनी मला त्यांच्याशी बोलायला मनाई केली आहे. माझा भाऊ अकरा किलोमीटरवर शेती करतो. तो म्हणतो, इतकी वर्षं महिन्याच्या महिन्याला पगार खाल्ला, आम्हाले कोणी दिला? मी सही करायला सांगू का? आणि या गावात राहू कशी?

उत्तर : ताई, सही करू नका. या कागदावर तर नकोच.

का, ते आधी आकड्यांत सांगते. तुम्ही पत्रासोबत पगाराची चिठ्ठी पाठवली, ते फार बरं केलं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये दिसतात. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळायची रक्कम, ही दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा पगार, आणि त्यासाठी महिना सव्वीस दिवसांचा धरतात. म्हणजे वर्षाला ७,५०० रुपये. एकोणीस वर्षांचे १,४२,५००. दीड लाखातले हे जवळजवळ सगळे. थकलेला तीन महिन्यांचा पगार ३९,०००. हे दोनच धरले तरी दीड लाखाच्या वर जातात. शिवाय मिल बंद केल्याची भरपाई वेगळी, तीही दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराच्या हिशेबानं. म्हणजे कंपनी तुम्हाला देऊन काही राहिली नाही, तुमचंच सोडून द्या असं म्हणून राहिली आहे.

आणखी एक. सहाशे माणसांचा कारखाना मालकाला मनात आलं म्हणून बंद करता येत नाही. नव्वद दिवस आधी सरकारकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. परवानगी न घेता बंद केला असेल तर तो बंद बेकायदा, आणि मिल चालू असल्यासारखे पगार आणि लाभ कामगारांना लागू होतात. चौदा महिन्यांचे ते १,८२,००० रुपये होतात. ही रक्कम आणि वर सांगितलेली बंदची भरपाई, दोन्ही एकदम मिळत नाहीत. बंद कायदेशीर होता की नाही, त्यावर कोणती मिळेल ते ठरतं. म्हणून तुमच्या युनियननं पहिला प्रश्न हा विचारायला हवा: परवानगीचा आदेश आहे का? असेल तर त्याची प्रत सहायक कामगार आयुक्तांकडून लेखी मागा. मंडपात चौदा महिने बसलेल्यांपैकी किती जणांनी तो कागद डोळ्यांनी पाहिला आहे, हे मला तुमच्याकडून कळवा.

‘स्वेच्छेने’ या एका शब्दावर तुमचं बोट ठेवते. पगारातून ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात होत होती. कारखाना बंद पडून बेरोजगार झालेल्या विमाधारकाला राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत भत्ता असतो. अटींत बसलं तर पहिले बारा महिने पगाराच्या पन्नास टक्के, पुढचे बारा महिने पंचवीस टक्के, आणि त्या काळात घरच्यांचं औषधपाणीही. स्वेच्छानिवृत्ती घेतली की हा हक्क जातो. चौदा महिने गेलेत, तरी उद्याच ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. सोबत नोटिशीची प्रत घ्या. नाही म्हणाले तर ‘नाही’ लिहून मागा. तोंडी ‘नाही’ घेऊन परत येऊ नका.

पीएफचं पासबुक मोबाइलवर निघतं, पीएफचा यूएएन नंबर टाकून मुलाला काढायला सांगा. महिनावार पाहा. पगारातून कापलेले पैसे तिथं पोचलेले नसतील, तर ती मालकाची उधारी नाही, तो गुन्हा आहे. मिलचं प्रकरण उद्या दिवाळखोरीत गेलं तरी पीएफचा पैसा मालकाच्या मालमत्तेत धरत नाहीत. तिथं बँकांच्या बरोबरीनं कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या थकीत येण्याला जागा आहे, पण ती मागणाऱ्याला. मुदतीत दावा लावला नाही तर कोणी घरी येऊन विचारणार नाही.

आता बदलीच्या वर्षांबद्दल, कारण इथंच सगळ्यात जास्त लोक फसतात. कंपनीच्या कागदावर तुमच्या मिस्टरांची नोकरी तेरा वर्षं लिहिलेली आहे. सहा वर्षं बदलीची म्हणून गाळली. बदली कामगारानं ज्या वर्षात प्रत्यक्ष २४० दिवस काम केलं असेल, ते वर्ष ग्रॅच्युइटीला धरावंच लागतं. सोलापूरच्या एका गिरणीतल्या बदली कामगारांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्ये हीच कसोटी लावली. २४० भरले नाहीत ते वर्ष जातं, भरले ते राहतं. सहाही वर्षं भरली असतील तर ४५,००० रुपयांचा फरक आहे. सिद्ध कशानं करायचं? हजेरी कार्डानं.

माझे वडीलही बदलीवर लागले होते, अशाच एका मिलमध्ये. नऊ वर्षं रोज गेटवर उभं राहायचं आणि कोणी गैरहजर असेल तरच आत जायचं. मी नववीत असताना मिल बंद पडली. त्या पावसाळ्यात घरात सरपण ओलं होतं. चूल पेटवायला मी वडिलांच्या पेटीतली हजेरी कार्डं काढली, जुनी, गुलाबी, कडा तेलकट झालेली. दोन जळलीसुद्धा. आईनं हातातून हिसकावली. म्हणाली, ‘‘जाळू नको वो, तुह्या बापाचं नाव आहे त्याच्यावर.’’ तिला कायदा माहीत नव्हता. पुढे त्याच कार्डांवरून नऊपैकी सहा वर्षं धरली गेली. सातव्या वर्षाची दोन कार्डं कमी पडली. ती मी जाळली होती.

तेव्हा घरात जे काही असेल ते गोळा करा: कार्डं, चिठ्ठ्या, बोनसच्या पावत्या, ईएसआयचं जुनं पुस्तक, मिलच्या सोसायटीची पासबुकं. आजच.

मिस्टरांना सांगा, गेट सोडल्यानं नाव कापलं जात नाही. हक्क हजेरीपटावर आणि कायद्यात आहे, मंडपात नाही. बुटीबोरीच्या कारखान्यांत पाळी मिळाली तर जावं, कापूस वेचणीला जावं. पक्की दुसरी नोकरी लागली तर बेरोजगारी भत्ता थांबेल आणि मागच्या पगाराच्या हिशेबात ती कमाई विचारात येऊ शकते, एवढं ध्यानात ठेवावं. मंडपात आळीपाळीनं बसता येतं. ताई, मी हे जरा जोरानं लिहिते आहे, कारण मी माणसं मंडपातच म्हातारी झालेली पाहिली आहेत. मिल सुरू होईल या आशेवर कुणी पोरीचं लग्न ठरवलं नाही, कुणी शाळा बदलली नाही, कुणी डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं. अचलपूरची फिनले मिल तर सरकारी महामंडळाची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली, टाळेबंदी उठली, पण तिथल्या कामगारांना वाटच पाहत बसावं लागलं. मालक सरकार असो की शेठ, वाट पाहण्याचा पगार कोणी देत नाही.

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि त्याच वर्षी तिथं मजुरीच्या दरावरून संप झाला. देशातल्या अगदी पहिल्या नोंदलेल्या संपांत तो मोजतात. पण नागपुरात रेल्वे होती, कचेऱ्या होत्या, इतर धंदे होते. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणांना परतायला कोकणात, साताऱ्यात गाव होतं. तो संप कधी औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही. तुमच्या गावात काय आहे? मिलच गाव आहे. शिवणकामाला कापड मिलच्या पगारातून येतं, चहाच्या टपरीला दूध मिलच्या पाळीमुळं लागतं, शिकवणीची फी, सायकलचं पंक्चर, पगाराच्या आठवड्यातला बाजार, सगळ्यांच्या मुळाशी तोच एक भोंगा. तो थांबला की गावात मागायला कोणी उरत नाही, कारण देणारा गावात राहतच नाही. तो कुठल्या तरी शहरात आहे, त्याचा चेहरासुद्धा निम्म्या कामगारांनी पाहिलेला नाही. मग राग जातो कुठं? जो दिसतो त्याच्यावर. उधारी बंद करणाऱ्या किराणेवाल्यावर, सही करणाऱ्या शेजाऱ्यावर, ट्रक भरणाऱ्या परमुलखातल्या पोरावर.

ज्या पोराचं डोकं फुटलं, तो ठेकेदाराकडे रोजीवर आहे. तुमचे मिस्टर पहिली सहा वर्षं जिथं उभे होते, तिथंच तो उभा आहे, फक्त घरापासून फार लांब. त्याच्या दवाखान्याचा खर्च कोणी केला, हे तुमच्या पत्रात नाही. गावातल्या चार बायकांनी त्याची चौकशी करावी, असं मला मनापासून वाटतं. केससाठी नव्हे. तो कुणाचा तरी मुलगा आहे म्हणून.

ट्रकचं मात्र सोडू नका. मशिनी म्हणजे तुमच्या येण्याची जामीनकी. रात्री कोण कोण जागं असतं त्यांनी तारीख, वेळ आणि ट्रकचा नंबर वहीत लिहावा, रस्त्यावरून फोटो काढावा, आत शिरू नये. ती वही घेऊन युनियननं न्यायालयात मशिनी हलवण्यावर मनाई मागावी आणि कामगार आयुक्तांना कळवावं. एका दगडानं तुमच्या मुलाच्या नोकरीच्या अर्जांवर वर्षानुवर्षं सावली पडली. ट्रक त्या रात्री एक तास थांबला असेल, दुसऱ्या रात्री आलाच ना?

मुलाच्या केससाठी सावकाराकडे जाऊ नका. तालुका विधी सेवा समितीत मोफत वकील मिळतो. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट नाही, म्हणजे तुमच्या आणि मिस्टरांच्या कामासाठी तर हक्कच आहे. मुलगा उत्पन्नाच्या मर्यादेत बसतो का ते तिथं पाहतील. तारखेला हजर राहायचं, एकही चुकवायची नाही. आणि मंगळसूत्र ज्याच्याकडे गहाण आहे त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, ते सहायक निबंधकांच्या कार्यालयात विचारा. विनापरवाना सावकारी महाराष्ट्रात गुन्हा आहे.

भावाचं बोलणं तुम्हाला लागलं, ते वाचून मलाही लागलं. पण त्याच्या जागी बसून पाहा. कोरडवाहू कापूस, भाव त्याच्या हातात नाही, महिन्याचा पगार त्याला कधीच ठाऊक नाही. ज्या मिलसाठी त्याच्या आज्यानं बंडीनं कापूस आणला, ती मिल पुढे गाठी कुठून कुठून आणू लागली. तुमचा पगार आणि त्याचा कापूस एकाच दारातून आत जात होते आणि दोघांनाही बाहेरच ठेवलं गेलं. दिवाळीला त्याच्याकडे जा. हिशेबाचं बोलू नका, राहून या दोन दिवस. वेचणीला हात लावा. एवढ्यानं सगळं सुरळीत होईल असं नाही, पण तोंड चुकवणं थांबेल.

आता शेजारच्या वहिनी. हे सगळ्यात शेवटी लिहिते, कारण लिहायला जड जातं. आमच्याही भिंतीला लागून असलेल्या घरातल्या काकांनी अशीच सही केली होती. त्या रात्री मी कोळशानं त्यांच्या दारावर ‘गद्दार’ लिहिलं. पंधरा वर्षांची होते. पहाटे पाण्याला उठले तर काका ओल्या फडक्यानं दार पुसत होते, काकू उठायच्या आत. त्यांनी मला पाहिलं. बोलले नाहीत. आमच्या घरानं त्यांच्याशी पुढे कधी संबंध ठेवला नाही. मी वकील झाल्यावर ते माझ्याकडे कागद घेऊन आले. काकूंच्या ऑपरेशनसाठी पैसे हवे होते म्हणून सही केली, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांची बदलीची वर्षं धरलीच नव्हती. अकरा वर्षं उलटून गेली होती, मिलची जागा विकून झाली होती, मागायचं कुणाकडे? आम्ही त्या वेळी त्यांच्याशी बोलत असतो, तर वडिलांच्या अर्जासोबत त्यांचाही अर्ज गेला असता. कार्डं त्यांच्याकडे सगळीच्या सगळी होती.

म्हणून वहिनींना हे जाऊन सांगा. सही केली म्हणून ग्रॅच्युइटीचा कायद्यानं ठरलेला हक्क मिटत नाही. कमी मिळाली असेल तर फरक मागता येतो. अर्जाची मुदत नव्वद दिवसांची आहे, उशिराचं सबळ कारण असेल तर माफही होते, पण जितकं लवकर तितकं बरं. मिस्टर रागावतील. त्यांना हे पत्र वाचायला द्या. वहिनींच्या घरची हजेरी कार्डं आणि तुमच्या घरची, दोन्ही एकाच पिशवीत घालून एकाच दिवशी कामगार कार्यालयात जा. आणि सकाळी नळावर त्यांची गुंडी तुमच्या हातानं लावा.

प्रश्न : मी अशाच एका मिलच्या गावात किराणा दुकान चालवतो. वहीत मिलवाल्यांची एक लाख ऐंशी हजारांची उधारी आहे. मागितली तर भांडण, न मागितली तर घाऊक व्यापारी माल देत नाही. काय करू?

उत्तर : दादा, एकेकाला दुकानात बोलवा, चारचौघांत नको. हिशेब वाचून दाखवा आणि वहीत रकमेखाली त्याची सही आणि तारीख घ्या. उधारीची वसुली मागायची मुदत तीन वर्षांची असते. मुदतीच्या आत घेतलेली सही ती नव्यानं सुरू करते. म्हणजे तुम्हाला आज कुणाचा गळा धरावा लागत नाही आणि पैसे बुडतही नाहीत. व्याज लावू नका.

माल पूर्ण बंद करू नका, यादी लहान करा. आमची मिल बंद पडली त्या वर्षी आमच्या चाळीच्या नाक्यावरच्या दुकानदारानं उधारीवर चारच जिनसा ठेवल्या होत्या: ज्वारी, तुरीची डाळ, मीठ, तेल. साखर आणि चहा रोखीनं. लोकांनी शिव्या दिल्या, पण चुली पेटत राहिल्या. माझ्या वडिलांची ग्रॅच्युइटी आली त्या दिवशी ते घरी यायच्या आधी त्याच्या दुकानात गेले होते.